दोन्ही काठांची वाळू: झिरकॉनच्या दाण्यांवरून जुन्या प्लेट-सीमा कशा शोधायच्या

दोन खंड एकमेकांवर आदळले की मधला समुद्र संपतो, त्याचा तळ एका खंडाखाली जातो, काठावरचे खडक चुरगळतात, डोंगर उभा राहतो आणि मग तो डोंगरही झिजून जातो. काही कोटी वर्षांनी आपण तिथे हातोडी घेऊन पोचतो तेव्हा सीमा नेमकी कुठून गेली होती हे डोळ्यांना दिसेलच असं नाही. कधी ओफिओलाइटची, म्हणजे जुन्या समुद्रतळाची, एखादी पट्टी सापडते आणि काम सोपं होतं, पण बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखेच दिसणारे राखाडी क्वार्टझाइट आणि शिस्ट असतात आणि मधे झाडी, दरडी, गवत. अशा वेळी खडकातल्या वाळूकडे वळायचं. ती वाळू ज्या डोंगरातून आली त्या डोंगराचं वय तिच्यातल्या काही दाण्यांत अजून जसंच्या तसं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण सगळ्यात जास्त चुका मी इथेच होताना पाहिल्यात. एका नमुन्यातून सीमा कधीच सापडत नाही. एक नमुना फक्त एवढंच सांगतो की ही वाळू कुठल्या कुठल्या वयाच्या खडकांतून आली. सीमा सापडते ती दोन बाजूंच्या तुलनेतून, आणि ती तुलनाही एकाच काळात साठलेल्या खडकांची हवी. हे पुढे हिमालयाच्या उदाहरणात नीट कळेल.

झिरकॉनच का

झिरकॉन म्हणजे झिर्कोनियम सिलिकेट. कडकपणा साधारण साडेसात, घनता ४.६ ते ४.७, म्हणजे क्वार्ट्झच्या २.६५ पेक्षा बराच जड, त्यामुळे वेगळा काढता येतो. नदीत झिजत नाही फारसा, पाण्यात विरघळत नाही, आणि ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय त्यातलं शिसं सहसा पसरून बाहेर पडत नाही. खरी कमाल ही की मॅग्मात तयार होताना तो युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळपास घेतच नाही. म्हणजे आज त्यात जे शिसं मिळतं ते जवळजवळ सगळं नंतर युरेनियमपासून झालेलं. युरेनियम-२३८ चं शिसं-२०६ होतं, अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षं. युरेनियम-२३५ चं शिसं-२०७ होतं, अर्धायुष्य साधारण ७०.४ कोटी वर्षं. एकाच दाण्यात दोन घड्याळं, आणि दोन्ही एकच वेळ दाखवतायत का हे तपासता येतं, हा फायदा दुसऱ्या फार कमी खनिजांत मिळतो.

हे दाणे किती टिकतात त्याचं टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचं. तिथला गोटेमिश्रित खडक साठला साधारण ३०० कोटी वर्षांपूर्वी, पण त्यातल्या एका झिरकॉनचं वय सुमारे ४४० कोटी वर्षं निघालं. मूळ डोंगराचा मागमूस नाही, दाणा मात्र आहे.

पायरी १: आधी प्रश्न कागदावर लिहा

फील्डवर जायच्या आधी बसून लिहायचं की आपल्याला नक्की कसली सीमा शोधायचीय. दोन वेगवेगळे खंड जोडले गेलेत असं वाटतंय का, म्हणजे सुचर? की एका खंडाच्या काठावर ज्वालामुखींची रांग होती आणि तिची हद्द हवीय? की एखादा तुकडा आडवा घसरत दुरून येऊन चिकटलाय? तिन्हीत अपेक्षा वेगळी. दोन खंड असतील तर दोन्ही बाजूंच्या जुन्या वाळूची वयं वेगळी हवीत आणि धडकेनंतरच्या वाळूत दोन्हीकडचे दाणे मिसळलेले हवेत. ज्वालामुखीची रांग असेल तर खडक साठला त्याच सुमाराचे ताजे दाणे भरपूर हवेत. आडवा घसरलेला तुकडा असेल तर त्याची वाळू शेजाऱ्याशी जुळणार नाही, पण शेकडो किलोमीटर दूरच्या कुणाशी तरी जुळेल.

आणि मग प्रत्येक शक्यतेसमोर लिहा की कुठला निकाल आला तर ही शक्यता बाद. हे आधी लिहिलेलं नसेल तर नंतर आलेख बघताना आपलं मन हवं तेच बघतं, आणि झिरकॉनच्या आलेखात हवं ते दिसण्याइतकी शिखरं नेहमीच असतात.

पायरी २: नमुने, आणि इथे घाई अजिबात नको

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. लॅबमध्ये कितीही भारी मशीन असलं तरी चुकीचा दगड चुकीचाच राहतो.

बारीक ते मध्यम दाण्यांचा वालुकाश्म घ्या. मातीच्या खडकात, शेलमध्ये, झिरकॉन असतात पण इतके बारीक की लेसरचा स्पॉटच बसत नाही. गोट्यांचा खडक, काँग्लोमरेट, फार जवळच्या उगमाबद्दल सांगतो, त्याचा उपयोग वेगळा आणि चांगला आहे पण पूर्ण खोऱ्याचं सरासरी चित्र त्यातून मिळत नाही. साधारण २ ते ५ किलो पुरतो, खडक काळपट, ज्वालामुखीच्या तुकड्यांचा असेल तर जास्त घ्या कारण बेसॉल्टसारख्या खडकांत झिरकॉन मुळात कमीच असतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे अर्थ लावताना लागेल: ग्रॅनाइटचा एक छोटा डोंगर बेसॉल्टच्या अख्ख्या पठारापेक्षा जास्त झिरकॉन देऊ शकतो, म्हणून दाण्यांची टक्केवारी म्हणजे उगमाच्या क्षेत्रफळाची टक्केवारी नव्हे.

वरची कुजलेली साल काढून टाका, क्वार्ट्झच्या शिरा टाळा, ग्रॅनाइटची घुसखोरी जवळ असेल तर लांब सरका. प्रत्येक ठिकाणी जीपीएस, थराचा कल, थराची वरची बाजू कुठली, आणि तिरपे थर किंवा तरंगखुणा दिसत असतील तर प्रवाहाची दिशा लिहून घ्या. प्रवाहाची दिशा लोक विसरतात आणि नंतर हळहळतात, कारण वाळू उत्तरेकडून आली की दक्षिणेकडून हे दाण्याच्या वयावरून कळत नाही, खडकातल्या त्या तिरप्या रेघांवरून कळतं. शिवाय हाताएवढा एक तुकडा थिन सेक्शनसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ कापासाठी, वेगळा ठेवा.

नमुन्यांची मांडणी दोन तऱ्हेने करायची. एक आडवी, म्हणजे संशयित सीमा ओलांडून जाणाऱ्या रेषेवर दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन, सीमेजवळ दाट. दुसरी उभी, म्हणजे एकाच ठिकाणी खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत. आडव्या मांडणीतून सीमा कुठे हे कळतं, उभ्या मांडणीतून ती कधी जुळली हे कळतं. बजेट एकाच तऱ्हेचं असेल तर आडवी निवडा, पण दोन्ही बाजूंचे खडक एकाच काळात साठलेत याचा काही तरी वेगळा पुरावा हातात घेऊनच, जीवाश्म असोत, मधला राखेचा थर असो, काहीही.

पायरी ३: दगडातून दाणे

दगड धुवा, जॉ क्रशरमधून फोडा, डिस्क मिलमधून दळा, चाळा, आणि साधारण अर्धा मिलिमीटरच्या खालचा माल ठेवा. एकदम बारीक दळू नका, दाणे फुटतात. मग माती धुऊन काढायची आणि पाटीत किंवा हलत्या टेबलावर जड भाग वेगळा करायचा. पाटीत पाणी गोल फिरवताना पांढरा क्वार्ट्झ कडेनं सुटत जातो आणि तळाशी आधी काळी कड दिसते, ती मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइटची, आणि तिला चिकटूनच एक फिकट, किंचित गुलाबी चमक असते, तोच आपला माल. तिथे हात हळू करायचा.

नंतर हातातल्या लोहचुंबकाने मॅग्नेटाइट काढा, फ्रांट्झ सेपरेटरने, म्हणजे करंट कमी-जास्त करता येणाऱ्या विद्युतचुंबकाने, बाकी चुंबकीय खनिजं काढा, आणि जड द्रवात टाका. मेथिलीन आयोडाइड साधारण ३.३ घनतेचं, त्यात झिरकॉन बुडतो आणि अ‍ॅपाटाइट तरंगतो. हे विषारी आहे, फ्यूम हूडशिवाय हात लावू नका. सोडियम पॉलिटंगस्टेट पाण्यात विरघळणारं आणि तुलनेनं सुरक्षित, पण त्याची घनता साधारण ३.१ पर्यंतच जाते. तरंगलेला अ‍ॅपाटाइट टाकून देऊ नका, जपून ठेवा.

इथे दोन जागी नकळत पक्षपात होतो. फ्रांट्झचा करंट फार वाढवला की जास्त युरेनियमचे, किरणोत्सर्गाने आतून मोडकळीला आलेले झिरकॉन चुंबकीय भागात निघून जातात, आणि ते कधीकधी एका विशिष्ट उगमाचेच असतात, म्हणजे अख्खा एक उगम आपण स्वतः पुसून टाकतो. आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईने दाणे उचलताना हात आपोआप लांब, पारदर्शक, सुंदर दाण्यांकडे जातो. गोल, मळकट, फुटके दाणे पण वाळूचाच भाग आहेत. शक्यतो उचलूच नका, सगळे एकत्र टेपवर ओता.

आणि स्वच्छता. माझ्या एका जुन्या क्वार्टझाइटमध्ये, ज्याचं वय बाकी पुराव्यांनी १०० कोटी वर्षांच्या खूप मागे जात होतं, ९ कोटी वर्षांचे तीन दाणे आले. तीन दाणे एकमेकांशी जुळणारे, आकडे स्वच्छ, चुकीचं वाटायला काही कारणच नाही. मी त्यावर दोन आठवडे नकाशे बदलत बसले आणि मग क्रशरच्या वहीत बघितलं तर आदल्या दिवशी त्याच जबड्यात एक तरुण ग्रॅनाइट फोडला होता. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याआधी ब्रश, हवेचा झोत, आणि थोडा शुद्ध क्वार्ट्झ दळून फेकणं हे मी स्वतः करते आणि वहीत लिहिते.

पायरी ४: आधी फोटो, मग लेसर

दाणे इपॉक्सीच्या गोल चकतीत बसवा, सोबत वय माहीत असलेले प्रमाण झिरकॉनही, आणि दाण्याचा मध्य उघडा पडेपर्यंत घासून पॉलिश करा. मग कॅथोडोल्युमिनेसन्सचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने दाण्यातून निघणाऱ्या उजेडाचे, फोटो काढा. ही पायरी वेळ लागतो म्हणून गाळू नका. साध्या उजेडात एकसंध दिसणारा दाणा त्या फोटोत उघडा होतो: मधे बारीक समांतर रेघांचा गाभा, मॅग्मात थर थर वाढल्याचा, त्या रेघा एका गोलसर काठाशी मधेच तुटलेल्या, आणि बाहेरून पंधरा-वीस मायक्रॉनची एकसारखी किनार, नंतरच्या रूपांतरणात, म्हणजे उष्णता-दाबाने खडक बदलताना, चढलेली. गाभ्याचं वय वेगळं, किनारीचं वेगळं. लेसरचा स्पॉट, साधारण २० ते ३५ मायक्रॉन, दोन्हींवर अर्धा-अर्धा पडला तर जे वय येईल त्या वेळी पृथ्वीवर काहीच घडलेलं नसेल.

उगम शोधायचा असेल तर स्पॉट गाभ्यात. रूपांतरण कधी झालं हे हवं असेल तर किनारीवर. थोरियम-युरेनियमचं गुणोत्तर ०.१ च्या खाली असेल तर रूपांतरणात वाढलेला दाणा असण्याची शक्यता जास्त, पण एवढ्यावर शिक्का मारू नका.

मोजणी बहुतेक ठिकाणी लेसर आणि आयसीपी-मास स्पेक्ट्रोमीटरने होते, एका दिवसात शेकडो दाणे निघतात आणि एकेका वयाची अचूकता १ ते २ टक्के. दर काही दाण्यांनंतर प्रमाण झिरकॉन मोजायचा, आणि एक दुसरा प्रमाण झिरकॉन अनोळखी असल्यासारखा मोजायचा, उदाहरणार्थ प्लेशोव्हित्से, वय सुमारे ३३.७ कोटी वर्षं. तो चुकला तर त्या दिवसाचं सगळं थांबवा.

किती दाणे? साधं गणित आहे. एखादा उगम वाळूत ५ टक्के असेल तर ६० दाण्यांत तो एकदाही न येण्याची शक्यता ०.९५ चा ६० वा घात, म्हणजे साधारण ४.६ टक्के. पण हे एका ठराविक उगमाबद्दल झालं. ५ टक्के किंवा त्याहून मोठा कुठलाच उगम सुटू नये अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर आकडा ११७ होतो, हे फर्मिश यांनी २००४ मध्ये दाखवलं. मी ११७ ला किमान धरते. सीमेच्या कामात "हा उगम इथे नाही" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं असतं, आणि नाही म्हणायला खूप दाणे लागतात. टक्केवारीची तुलना करायची असेल तर ३०० च्या पुढे जा.

पायरी ५: आकड्यांची सफाई

दोन घड्याळं जुळत नसलेले दाणे, डिस्कॉर्डंट म्हणतात ते, बाजूला काढायचे, साधारण १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर. मर्यादा कुठली वापरली आणि किती दाणे बाद झाले हे लिहाच. साधारण १०० ते १२० कोटी वर्षांपर्यंत शिसं-२०६ आणि युरेनियम-२३८ यांच्या गुणोत्तराचं वय वापरा, त्याहून जुन्यासाठी शिसं-२०७ आणि शिसं-२०६ यांचं. हा बदल जिथे करता तिथे तुमचं एखादं शिखर बरोबर मधोमध कापलं जात नाहीये ना ते बघा.

आलेखासाठी कर्नल डेन्सिटी, म्हणजे दाणे कुठल्या वयाला दाटलेत ते दाखवणारी गुळगुळीत रेघ, आणि त्याखाली प्रत्येक दाण्याची टिकली. आयसोप्लॉटआर फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, त्यात हे सगळं आणि बहुमितीय नकाशाही होतो ज्यात सारखे नमुने जवळ आणि वेगळे नमुने लांब पडतात. बरेच नमुने असतील तर हा नकाशा फार कामाचा, दोन बाजूंचे दोन पुंजके पडतात का ते एका नजरेत कळतं. दोन नमुने वेगळे आहेत का हे सांगणाऱ्या कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणीच्या पी-व्हॅल्यूवर एकटीवर निर्णय घेऊ नका, दाणे वाढवले की क्षुल्लक फरकालाही ती "वेगळे" म्हणू लागते.

पायरी ६: अर्थ लावणं

पहिलं, खडक साठला कधी. सगळ्यात तरुण दाण्यापेक्षा खडक जुना असू शकत नाही, ही वरची मर्यादा. पण एका तरुण दाण्यावर विसंबू नका, त्यातलं शिसं गळालेलं असू शकतं किंवा माझ्यासारखा क्रशरचा घोटाळा असू शकतो. मोजणीतल्या त्रुटीच्या मर्यादेत एकमेकांशी जुळणारे तीन तरी दाणे घ्या.

आता हिमालय. मेन सेंट्रल थ्रस्ट, म्हणजे एका बाजूचे खडक दुसऱ्यावर चढवणारा मोठा प्रस्तरभंग, ही लेसर हिमालय (Lesser, कमी उंचीचा; इथे लेसर किरणांशी संबंध नाही) आणि ग्रेटर (उंच) हिमालय यांच्यातली सीमा, आणि ती नेमकी कुठून काढायची यावर दशकानुदशकं वाद आहे कारण तिथले खडक एकमेकांत सरकत गेलेले, वर-खाली रूपांतरित झालेले, फील्डवर रेघ दिसत नाही. १९९० च्या दशकापासून झिरकॉन वापरले गेले आणि चित्र एकदम स्वच्छ वाटलं. खालच्या बाजूच्या लेसर हिमालयात १८०-१९० कोटी आणि २५० कोटी वर्षांचे दाणे, १६० कोटींपेक्षा तरुण जवळपास काहीच नाही. वरच्या बाजूच्या ग्रेटर हिमालयात ८० ते ११० कोटींचे दाणे भरपूर. मग काहींनी म्हटलं की हे दोन वेगळे भूखंडच होते आणि थ्रस्ट म्हणजे त्यांच्यातला जुना सांधा.

पण आतल्या लेसर हिमालयाचा तो भाग साठलाच १६० कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास किंवा त्याआधी. त्यात ८० कोटींचे दाणे येतील कुठून, ते तेव्हा जन्मलेच नव्हते. २००३ मध्ये मायरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरच्या लेसर हिमालयातले कँब्रियन काळातले (सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे) खडक, मसुरीच्या बाजूचा ताल ग्रुप वगैरे, घेतले आणि उत्तरेच्या टेथियन हिमालयातल्या त्याच काळातल्या खडकांशी ताडून पाहिले. दाणे जुळले. एकच किनारा, एकाच प्रकारची वाळू. म्हणजे झिरकॉनमधला फरक खरा होता, नकाशावर थ्रस्ट शोधायला आजही उपयोगी आहे कारण तो दोन वेगळ्या वयांचे खडक शेजारी आणतो, पण तो दोन खंडांमधला फरक नव्हता. मी वर एकाच काळातले नमुने घ्या म्हणून इतकं आग्रहाने का सांगितलं ते हेच.

उभ्या मांडणीचं उत्तम उदाहरण त्याच पर्वताच्या उत्तरेला, तिबेटमधल्या यारलुंग सुचरच्या दक्षिणेला, सांगदानलिनच्या छेदात. खालच्या थरांत भारतीय बाजूचा क्वार्ट्झचा वालुकाश्म, जुने दाणे. थोडं वर गेलं की ज्वालामुखीच्या खडकांचे तुकडे असलेली वाळू, आणि तिच्यात क्रेटेशियस ते पॅलिओसीनचे, म्हणजे तेव्हाच्या मानाने ताजे, दाणे, आशियाच्या काठावरच्या गांगदिसे ज्वालामुखी रांगेचे. आशियाची वाळू भारतावर पडली म्हणजे मधला खोल समुद्र तेव्हा संपत आला होता. हा बदल साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचा. समुद्र पूर्ण मिटण्याची तारीख आणि ही तारीख एकच असेल असं नाही, पण वाळू ओलांडून आली हे पक्कं.

फसवणूक करणाऱ्या दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. १०० ते १२० कोटी वर्षांचं शिखर दिसलं की लोक लगेच ग्रेनव्हिल, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची जुनी पर्वतरांग, म्हणतात, पण त्या काळात बऱ्याच खंडांवर डोंगर उभे राहत होते, ते वय कुणा एकाची ओळख नाही. दुसरं, दाणे फार लांब जातात आणि पुन्हा पुन्हा वापरले जातात. अमेरिकेच्या पश्चिमेतल्या ज्युरासिक नवाहो वालुकाश्मात अ‍ॅपलाचियन पर्वताकडचे दाणे आहेत, डिकिन्सन आणि गेरेल्स यांनी ते दाखवलं, अख्खा खंड ओलांडून आलेली वाळू. तेव्हा दाण्याचा मूळ जन्म कुठे झाला आणि तो शेवटचा कुठल्या डोंगरातून सुटला हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पायरी ७: झिरकॉनला साक्षीदार शोधा

वय जुळलं पण उगम दोन असू शकतात, तर त्याच दाण्यावर हाफ्नियमचे आयसोटोप मोजा. आवरणातून, म्हणजे कवचाखालच्या मँटलमधून, ताज्या आलेल्या मॅग्माचे दाणे एप्सिलॉन हाफ्नियम (या आयसोटोपांच्या गुणोत्तराचा एका ठराविक संदर्भापासूनचा फरक) धन दाखवतात, जुनं खंडीय कवच वितळून झालेले ऋण. गांगदिसेचे दाणे ओळखताना हेच फार कामाला आलं.

मग जपून ठेवलेला अ‍ॅपाटाइट काढा. तो झिरकॉनइतका चिवट नाही, म्हणून त्याची साक्ष जास्त करून पहिल्या फेरीच्या वाळूची. रुटाइल रूपांतरित खडकांतून येतो आणि त्यातल्या झिर्कोनियमच्या प्रमाणावरून तो किती तापमानात झाला ते काढता येतं, शिवाय त्याचं युरेनियम-शिशाचं घड्याळ झिरकॉनपेक्षा कमी तापमानाला थांबतं, त्यामुळे डोंगर कधी थंड झाला ते सांगतो. आणि क्रोम स्पिनेल. काळा, ठिसूळ, सहज दुर्लक्षित होणारा, पण वालुकाश्मात तो अचानक दिसू लागला तर जवळपास कुठेतरी समुद्रतळाचे खडक उघडे पडून झिजत होते असं समजायला आधार मिळतो. झिरकॉन यात आंधळा आहे, कारण समुद्रतळाच्या खडकांत तो जवळपास नसतोच. सुचर शोधणाऱ्याने थिन सेक्शनमध्ये आधी हाच शोधावा असं माझं मत आहे.

पायरी ८: रेघ ओढताना

नकाशावर प्रत्येक नमुना त्याच्या गटाच्या रंगात टाका. दोन रंगांच्या मधली जागा म्हणजे सीमा असण्याचा पट्टा, दोन नमुन्यांत तीन किलोमीटर असतील तर पट्टा तीन किलोमीटरचा, तेवढाच दाखवा, तुटक रेघेने. मग त्या पट्ट्यात पुन्हा फील्डवर जा आणि कातरलेले खडक, मायलोनाइट (खोलवर कातरून बारीक झालेला खडक), सर्पेंटिनाइटचा (पाण्याने बदललेल्या मँटलच्या खडकाचा) एखादा तुकडा, रूपांतरणातली उडी असं काही सापडतं का बघा. सापडलं तर तिथे रेघ पक्की करा. नाही सापडलं आणि दोन्ही बाजूंचे थर सलग एकमेकांत मिसळताना दिसले तर कदाचित एकाच किनाऱ्यावर दोन नद्या येत होत्या, एकीचं खोरं एका डोंगरात, दुसरीचं दुसऱ्या, आणि तुमच्या हातात प्लेटची सीमा नसून जुना पाणलोटाचा दुभाजक आहे. तेव्हा पहिल्या पायरीचा कागद काढा, कुठली शक्यता बाद होते ते बघा, आणि पुढचे नमुने त्या मधल्या तीन किलोमीटरमधून घ्या.